जुन्या अँप्लिफायरची दुरुस्ती: बायस सेट केल्याशिवाय मशीन परत देऊ नका



जुने अँप्लिफायर दुरुस्त करण्यात पैसा आहे, पण तो बऱ्याचदा ‘रिपीट’मध्ये जातो. गिऱ्हाईक मशीन घेऊन जातं आणि आठ दिवसांत तोच चॅनल पुन्हा बंद! मग नवे ट्रान्झिस्टर तुमच्या खर्चाने, मजुरी शून्य, आणि नाव खराब होतं ते वेगळंच. याचं एक मोठं कारण म्हणजे आऊटपुट ट्रान्झिस्टर बदलले, पण बायस तपासलाच नाही.

बायस म्हणजे काय?

गाणं वाजत नसतानाही आऊटपुट ट्रान्झिस्टरमधून थोडा करंट वाहता ठेवलेला असतो. सिग्नलला उभ्या स्कूटरचं इंजिन संथ चालू असतं ना, तसंच. हा करंट कमी पडला तर हळू आवाजातलं गाणं फाटकं ऐकू येतं. जास्त झाला तर ट्रान्झिस्टर तापतो, तापला की आणखी करंट घेतो, आणखी तापतो आणि शेवटी उडतो. हे टाळायला बहुतेक मॉडेलमध्ये एक छोटा ट्रान्झिस्टर किंवा डायोड हीटसिंकला टेकवलेला असतो. हीटसिंक गरम झाली की तो बायस खाली आणतो. दुरुस्तीनंतर तो लोंबकळत राहिला, तर तुमची सगळी मेहनत पाण्यात.

कामाचा क्रम

१. प्लग काढा. फिल्टर कपॅसिटर रेझिस्टर लावून रिकामे करा आणि मीटरने खात्री करा. स्क्रू-ड्रायव्हरने शॉर्ट करू नका.

२. एक जळका ट्रान्झिस्टर सापडला म्हणून थांबू नका. जोडीतला दुसरा, ड्रायव्हर आणि एमिटर रेझिस्टरही तपासा. जोडी एकत्रच बदला. बाजारात नकली ट्रान्झिस्टर भरपूर आहेत, त्यामुळे बिल देणाऱ्याकडूनच घ्या. अभ्रकाची चकती आणि हीटसिंक पेस्ट विसरू नका.

३. बायसचा जुना प्रिसेट बदलून टाका. काही रुपयांची वस्तू, पण तिचा संपर्क तुटला तर काही सर्किटमध्ये करंट थेट वर जातो. नवा प्रिसेट सर्वांत कमी करंटच्या बाजूला ठेवा. ती बाजू कोणती, हे सर्किट बघूनच ठरवा.

४. स्पीकर काढून, ६० किंवा १०० वॅटचा तारेचा बल्ब सिरीजमध्ये लावून मशीन चालू करा. एलईडी बल्ब चालणार नाही. बल्ब चमकून मंद झाला तर ठीक. भगभगत राहिला तर अजून शॉर्ट आहे, लगेच बंद करा.

५. बल्ब काढून, थेट २३० व्होल्टवर, आधी स्पीकर टर्मिनलवरचा डीसी मोजा. तो साधारण ५० मिलिव्होल्टच्या आत हवा.

६. आता बायस. व्हॉल्यूम शून्य. एमिटर रेझिस्टरच्या दोन टोकांवर मिलिव्होल्ट मोजा. समजा रेझिस्टर ०.२२ ओहमचा आहे आणि सर्व्हिस मॅन्युअल ४५ मिलिअँपिअर सांगतं. मग ०.२२ × ४५ म्हणजे सुमारे १० मिलिव्होल्ट दिसायला हवेत. प्रिसेट अगदी हळू फिरवा. मीटरच्या पिना घसरू देऊ नका, क्लिप लावा.

७. वीस मिनिटं थांबा आणि गरम मशीनवर पुन्हा सेट करा. आकडा एका जागी स्थिर राहायला हवा. चढतच राहिला तर मशीन द्यायचं नाही.

प्रत्येक मॉडेलचा आकडा वेगळा असतो. अंदाजाने सेट करू नका.

यात धंदा कुठे आहे?

ही शेवटची वीस मिनिटं गिऱ्हाईकाला दिसत नाहीत, म्हणून ती कागदावर दाखवा. जॉब कार्डवर दोन्ही चॅनलचा डीसी आणि बायस, दुरुस्तीआधीचा आणि नंतरचा, तारखेसह लिहा. तपासणी, पार्ट आणि सेटिंग यांचे पैसे वेगळे दाखवा. वडिलांचा अँप्लिफायर घेऊन आलेला माणूस स्वस्त मेकॅनिक शोधत नसतो, त्याला भरवशाचा हात हवा असतो. आणि रिपीट आलंच, तर बिघाड तोच की नवा, हे कार्डच सांगेल.

व्हॉल्व्हचे अँप्लिफायर सुरुवातीला घेऊ नका. त्यात शेकडो व्होल्ट असतात, जाणकाराजवळ बसून शिकल्याशिवाय हात नको.

या आठवड्याचं काम: एक सिरीज बोर्ड बनवा, एका मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल मिळवून त्यातला बायसचा आकडा वहीत उतरवा, आणि जॉब कार्डचा नमुना छापून घ्या. पहिलं मशीन त्यानंतरच उघडा!