घरातील शस्त्र आणि घरातील माणसे

खंडेनवमीला घरातील शस्त्रे व हत्यारे पाटावर मांडून त्यांस हळदकुंकू वाहण्याची चाल आपल्या पूर्वजांनी कृष्णा ओलांडून इकडे येताना सोबत आणली आणि आपण ती आजवर सांभाळली. काळाच्या ओघात तलवारी गेल्या. पाटावर विळी, कोयता, शिवणयंत्राची कात्री आणि मोटारीची किल्ली आली. क्वचित एखाद्या घरी या मंडळींच्या शेजारी एक रिव्हॉल्व्हरही विराजमान झालेले दिसते. तारिहाळला आमच्या आतेबंधूंच्या घरी ते दरवर्षी दिसत असे.

आतेबंधूंना आम्ही सारे अण्णा म्हणतो. तारिहाळच्या औद्योगिक वसाहतीत त्यांचा छोटासा कारखाना आहे आणि घरही त्याच अंगाला. दिवसा यंत्रांच्या खडखडाटात कान बधिर होतात. सायंकाळी भोंगे झाले, कामगार हुबळीकडे परतले की तो सारा परिसर निर्मनुष्य होतो. कामगारांचा पगार रोखीने आणावा लागे त्या काळी, तीस वर्षांपूर्वी, अण्णांनी परवाना काढून पॉइंट बत्तीस बोराचे रिव्हॉल्व्हर घेतले. सुदैवाने ते कोणावर रोखण्याचा प्रसंग कधी आला नाही.

मागल्या खंडेनवमीला आरती झाल्यावर अण्णांनी आम्हांस बाजूस घेतले. त्यांनी सत्तरी ओलांडली आहे. चिरंजीव कामानिमित्त महिन्यातील पंधरा दिवस पुण्याला असतात. घरी वहिनी, सूनबाई आणि बारा वर्षांचा नातू. "मास्तर, तू चार पुस्तके वाचतोस. माझा हात आता थरथरतो. वहिनीला आणि सूनबाईला झेपेल असे काडतूस कोणते ते बघून सांग. नवी पेटी आणायची आहे."

मराठीचा एम. ए. झालेला, सरकारी शाळेत मुख्याध्यापकी करणारा मनुष्य काडतुसाविषयी काय सांगणार? परंतु वडील बंधूंचा शब्द मोडवेना. आम्ही एका परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे गेलो, लष्करातून निवृत्त झालेल्या एका सुभेदारांकडे बसलो आणि कायद्याची पुस्तके चाळली. जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत. कारण असा प्रश्न इतर घरांतही कुजबुजला जात असणार.

प्रथम ध्यानात आले ते हे की, निवडीस आपण समजतो तेवढा वाव नाही. पॉइंट तीनशे ऐंशी, पॉइंट चारशे पंचावन्न किंवा नऊ मिलिमीटर ही सरकारी सेवेतील काडतुसे ज्यात बसतील, अशी रिव्हॉल्व्हरे व पिस्तुले सामान्य नागरिकास निषिद्ध मानली आहेत. म्हणून घरगुती परवान्यावर बहुधा पॉइंट बत्तीस दिसते. हे काडतूस मूळचे अमेरिकेतील, १८९६ सालचे. गोळी शिशाची, वजन सव्वासहा ग्रॅमच्या आसपास, धक्का सौम्य. आपल्याकडील पुष्कळ काडतुसांच्या बुडावर 'के. एफ.' ही अक्षरे उमटलेली असतात. ती पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याची, एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेली खूण होय.

विक्रेत्याने आमच्यापुढे दोन काडतुसे ठेवली आणि विचारले, "यांत अण्णांचे कोणते?" दोन्ही पॉइंट बत्तीस, दोन्हींची गोळी जवळजवळ सारख्याच जाडीची. एक लांब, बुडाशी स्पष्ट कड असलेले; ते रिव्हॉल्व्हरचे. दुसरे आखूड, नाममात्र कडेचे, ते पिस्तुलाचे. दुसरे रिव्हॉल्व्हरच्या चक्रात पुष्कळदा बसतेही. परंतु त्यातील दाब अधिक असल्याने जुन्या शस्त्रास ते धोक्याचे. तेव्हा "पॉइंट बत्तीस द्या" एवढे म्हणणे पुरेसे नाही. नळीवर कोरलेले नाव, परवान्यावरील नोंद आणि पेटीवरील अक्षरे या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच काडतूस आपले.

दुसरा मुद्दा झेपण्याचा. सौम्य काडतूस म्हणजे दुबळ्या हाताला सोपे, अशी अण्णांची समजूत होती आणि आमचीही. सुभेदारांनी ती दुरुस्त केली. गोळीचा धक्का काडतुसावर अवलंबून असतो तसाच शस्त्राच्या वजनावरही. तेच काडतूस हलक्या शस्त्रात अधिक उसळते. कानपूरहून २०१४ साली स्त्रियांसाठी म्हणून 'निर्भीक' नावाचे अर्ध्या किलोच्या घरातले रिव्हॉल्व्हर निघाले. ते पर्समध्ये मावते हे खरे, पण हलकेपणाची किंमत मनगटाला मोजावी लागते. शिवाय घोडा आधी न ओढता नुसता चाप दाबून रिव्हॉल्व्हर उडवायचे तर बोटात चांगलाच जोर लागतो. नित्य सरावावाचून तो येत नाही, आणि काडतूस बदलून ही उणीव भरून निघत नाही.

तिसरा मुद्दा भिंतींचा. गोळी चोरापाशी थांबेलच असे नाही. विटांची जाड भिंत तिला अडवील. परंतु लाकडी फळ्यांचा आडोसा, पातळ दार, पत्र्याची शेड यांतून ती पलीकडे जाऊ शकते. अण्णांच्या घरी माजघर आणि नातवाची अभ्यासाची खोली यांत केवळ प्लायवूड आहे! लक्ष्यात शिरताच पसरणाऱ्या गोळ्या पलीकडे कमी जातात असे म्हणतात. त्यांची कथा आपल्याच देशातली. कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात १८९० नंतरच्या दशकात तशा गोळ्या झाल्या, त्यांना 'दमदम' हेच नाव पडले, आणि १८९९ च्या हेग येथील परिषदेने युद्धात त्या वर्ज्य ठरविल्या. पण गोळी कोणतीही असो, नेम चुकला तर ती भिंतीवरच जाते. म्हणून सुभेदार म्हणाले, "काडतूस निवडण्याआधी भिंत निवडा. कोणत्या दिशेला आपली माणसे झोपतात ते आधी पाहा."

चौथा मुद्दा वयाचा; काडतुसाच्या वयाचा. अण्णांची जुनी पेटी उघडली तेव्हा तेलकट फडक्यात गुंडाळलेल्या काडतुसांवर हिरवट गंज चढला होता. तेल शस्त्राला पथ्यकर, काडतुसाला अपथ्यकर. ते बुडाच्या टोपीत झिरपले की आतला ठिणगी देणारा मसाला निकामी होतो. असे काडतूस उडालेच नाही, तर नळी सुरक्षित दिशेस धरून निदान अर्धे मिनिट थांबावे, कारण ते उशिराही उडते. आवाज अगदीच क्षीण आला तर गोळी नळीत अडकली असण्याचा संभव असतो. त्यावर दुसरी झाडली तर नळी फुटते. अशी काडतुसे कचऱ्यात वा विहिरीत न टाकता विक्रेत्याच्या किंवा पोलीस ठाण्याच्या स्वाधीन करून नोंद करून घ्यावी.

एवढे सारे टिपून आम्ही तारिहाळला गेलो. परंतु सर्वांत मोठी गोष्ट अजून सांगायची होती. परवाना घराचा नसतो, माणसाचा असतो. १९५९ च्या शस्त्र कायद्यान्वये ज्याच्या नावे परवाना त्यानेच शस्त्र बाळगावे. पत्नी, सून वा पुत्र यांना नात्यामुळे तो हक्क मिळत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर काही अपराधांच्या शिक्षा वाढल्या असून विनापरवाना शस्त्र बाळगल्यास दोन ते पाच वर्षांचा कारावास होऊ शकतो. एकवीस वर्षांखालील व्यक्तीस तर परवानाच नाही. म्हणजे अण्णा कारखान्यात असताना वहिनींनी ते कपाटात सांभाळावे ही कल्पनाच मुळात कायद्याबाहेरची. आत्मरक्षणाचा हक्क आता भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत आहे. रात्री घर फोडून शिरणाऱ्याविरुद्ध तो दूरवर पोहोचतो हे खरे, परंतु आवश्यकतेहून अधिक इजा करण्याची मुभा त्यातही नाही.

आमचे हे निरूपण चालू असता नातू दाराआड उभा होता. मध्येच तो सहज म्हणाला, "अज्जा, किल्ली आता देवघरात नाही. तुम्ही ती घड्याळामागे ठेवलीत." बारा वर्षांच्या मुलास किल्लीची जागाच नव्हे, जागा बदललेलीही ठाऊक होती. अण्णांचा चेहरा पांढरा पडला. मुख्याध्यापक म्हणून सांगतो: मुले काय शोधतात ते आपणांस फार उशिरा कळते.

वहिनी तोवर एक अक्षर बोलल्या नव्हत्या. त्या एवढेच म्हणाल्या, "भावोजी, मला काडतूस कोणते ते नको. रात्री दार वाजले तर हाक कोणाला मारायची ते सांगा."

या भागाला शस्त्राचा अभिमान नवा नाही. १८५७ साली मुधोळजवळच्या हलगलीच्या बेडांनी हत्यारे सरकारजमा करण्यास नकार दिला आणि सारे गाव त्यापायी होरपळले. पुढल्याच वर्षी नरगुंदकर भावे उठले, त्या असंतोषामागेही शस्त्रबंदीची सल होती. कोडगूत तर कोडवांना परवान्यातून आजही सूट आहे आणि कैलपोळ्द या सणाला ते शस्त्रपूजा करतात. तेव्हा शस्त्र बाळगणे म्हणजे पाप, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु त्या लोकांचा हात शस्त्रावर बसलेला होता. अण्णांच्या घरी ते वर्षातून एकदा पाटावर बसत होते. दोहोंत अंतर आहे.

अण्णांना मार्ग तीन होते. २०१६ च्या नियमांनुसार सत्तरी गाठलेल्या, किंवा पंचवीस वर्षे शस्त्र बाळगलेल्या परवानाधारकास ते वारसाच्या नावे करून देण्यासाठी अर्ज करता येतो. वारसाने मात्र स्वतः परवाना मिळवावा लागतो. दुसरा मार्ग विक्रीचा. तिसरा, तूर्त शस्त्र विक्रेत्याकडे वा पोलीस ठाण्यात रीतसर जमा करून पावती घेण्याचा. चिरंजीवांनी पुण्याहून कळविले की सरावास वेळ नाही, तेव्हा परवानाही नको. अण्णा दोन दिवस गप्प होते. तीस वर्षांची सोबत होती. मोडणे सोपे नव्हते. तिसऱ्या दिवशी ते आम्हांस बरोबर घेऊन निघाले आणि शस्त्र व काडतुसे मोजून जमा करून आले.

नव्या पेटीचे पैसे अंगणातील दिव्यांवर, मागील दाराच्या लोखंडी आडण्यावर आणि शेजारच्या कारखान्याच्या रखवालदारापर्यंत वाजणाऱ्या घंटेवर खर्च झाले. वहिनींच्या फोनवर ११२ हा क्रमांक नातवाने स्वतः लिहून दिला.

ज्यांच्या घरी परवान्याचे शस्त्र आहे त्यांनी ही खंडेनवमी येण्यापूर्वी पेटी उघडावी, काडतुसांचे वय व नाव पाहावे, ती शस्त्रापासून वेगळ्या कुलपात ठेवावी आणि किल्ली कोणाकोणास ठाऊक आहे हे घरातील सर्वांत लहान मुलास एकदा विचारावे. उत्तर ऐकून पुढचा निर्णय ज्याचा त्याने घ्यावा.

अण्णांच्या पाटावर यंदा त्या जागी जमा केल्याची पावती ठेवायची, असे वहिनींनी ठरविले आहे. हळदकुंकू तिलाही मिळेल.