आधी वार, मग कोकरू

मेंढी व्याली की मेंढपाळ कोकरू आईच्या सडाशी लावतो, वार पूर्ण पडली की नाही हे पाहतो आणि ती जमिनीत पुरून टाकतो. आपल्या घरांतही वारेचा उल्लेख बाळंतपणाच्या दिवशी होतो व त्याच दिवशी संपतो. परंतु ज्या अवयवाने गर्भाच्या फुप्फुसांचे, आतड्यांचे आणि मूत्रपिंडांचे काम इतके दिवस सांभाळले, त्याची हकिकत इतक्या लवकर पुरून टाकण्याजोगी नाही, असे आम्हांस वाटते.

मेंढीचा गर्भकाळ सुमारे १४७ दिवसांचा. तिच्या गर्भाशयाच्या अस्तरावर बटणांसारखे लहान उंचवटे असतात. गर्भाच्या आवरणावर झुपके फुटतात व ते नेमके या उंचवट्यांत गुंततात. अशा साधारण ६० ते १०० जोडगाठी मिळून मेंढीची वार बनते. तेथे आईचे व गर्भाचे रक्त एकमेकांत मिसळत नाही. दोघांच्या केशवाहिन्या शेजारशेजारून वाहतात आणि प्राणवायू व अन्नरस मधल्या पातळ पडद्यांतून पलीकडे जातात. साहजिकच, या केशवाहिन्यांचे जाळे जितके दाट, तितके कोकराचे पोषण चांगले.

हे जाळे विणवून घेणारी काही प्रथिने आहेत. त्यांना ग्रोथ फॅक्टर, म्हणजे वृद्धिघटक म्हणतात. शेजारच्या पेशीला ‘वाढ’, ‘विभाग’, ‘इकडे वळ’ असे निरोप देणे हे त्यांचे काम. अशा घटकांच्या शोधाबद्दल रीटा लेव्ही-मोंताल्चिनी व स्टॅन्ले कोहेन यांना १९८६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मेंढीच्या वारेत यांपैकी अनेक घटक एकत्र राबतात. व्हीईजीएफ नावाचा घटक नव्या रक्तवाहिन्यांना अंकुर फोडतो आणि प्राणवायू कमी पडला की पेशी तो अधिक निर्माण करतात. अँजिओपोएटिन हे घटक त्या कोवळ्या वाहिन्यांना स्थैर्य देण्यास वा त्यांची पुनर्रचना करण्यास साहाय्य करतात. इन्सुलिनशी साम्य असलेले आयजीएफ घटक वारेच्या आणि गर्भाच्या पेशींची वाढ राखतात.

या कामाचा क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. मेंढीची वार ७५ ते ९० दिवसांच्या सुमारास आपले जवळजवळ पूर्ण वजन गाठते. त्या वेळी गर्भ अगदीच लहान असतो. कोकराचे बहुतेक वजन शेवटच्या दीड-दोन महिन्यांत वाढते आणि ते आधीच बांधून झालेल्या वारेच्या बळावर. मेंढीचे पोट अजून नीट दिसतही नसते, तेव्हाच कोकराच्या शिदोरीची तजवीज होत असते.

या क्रमात व्यत्यय आला तर काय होते, हे स्कॉटलंडमधील ॲबरडीन येथील रोवेट संशोधन संस्थेत जॅकलिन वॉलेस व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले. ज्यांची स्वतःची वाढ अजून पुरी झाली नव्हती, अशा तरुण मेंढ्यांच्या पोटी त्यांनी गर्भ रुजविले. काहींना बेताचा, तर काहींना भरपूर खुराक दिला. सामान्य तर्काने भरपूर खाणाऱ्या मेंढीचे कोकरू गुटगुटीत हवे. झाले उलटेच! या मेंढ्या स्वतः झपाट्याने वाढल्या, पण त्यांची वार लहान राहिली, कोकरे हलकी निपजली व काही दिवस आधीच जन्मली. गर्भकाळाच्या मध्यावर पाहिले असता अशा वारेत रक्तवाहिन्यांना चालना देणारे घटकही कमी आढळले. वाढत्या आईच्या शरीराने अन्न स्वतःकडेच वळविले होते. ५० व्या दिवशी भरपूर खुराक बेताचा केला, तेव्हा मात्र वारेची वाढ बरीचशी सावरली.

मेंढीवरून मनुष्याविषयी थेट निष्कर्ष काढू नये. दोघांच्या वारेची घडण वेगळी आहे, आणि गर्भवती स्त्रीचे जेवण कमी करावे, असा अर्थ तर कोणी मुळीच घेऊ नये. तथापि, ज्या मातेची स्वतःचीच वाढ चालू आहे, तिच्यात आणि गर्भात अन्नासाठी ओढाताण होऊ शकते, ही शंका माणसांच्या बाबतीतही अभ्यासकांनी गंभीरपणे घेतली आहे.

आमचे आयुष्य शाळेत गेले. दिवाळीच्या सुट्टीनंतर नववी-दहावीच्या वर्गातील एखादे बाक रिकामे दिसते. चौकशी केली की कळते, मुलीचे लग्न झाले. कायद्याने १९७८ सालीच मुलीच्या विवाहाचे वय १८ केले आहे, याची आठवण दिली, की वडील नम्रपणे सांगतात, ‘‘गुरुजी, घर खाऊनपिऊन सुखी आहे. तिला काही कमी पडणार नाही.’’

ॲबरडीनच्या त्या मेंढ्यांनाही काही कमी पडले नव्हते. त्यांच्यापाशी अन्न होते, वय नव्हते. दूध-तुपाने भरलेले घर मुलीला पुष्कळ काही देऊ शकते, पण वाढीची राहिलेली वर्षे देऊ शकत नाही. ती वर्षे तिला माहेरीच, शाळेच्या बाकावर, पुरी करू द्यावीत, एवढीच आमची विनंती.