खुर्चीवर आपला माणूस, हिशेब कोण मागणार?

५ नोव्हेंबर २००८ ची सकाळ आठवते. आपल्याकडे साडेनऊ वाजले होते, शिकागोत आदल्या दिवसाचे रात्रीचे दहा. बराक ओबामा अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आल्याची बातमी टीव्हीवर झळकली आणि ग्रँट पार्कच्या गर्दीत उभ्या असलेल्या जेसी जॅक्सन यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागले. १९६८ साली मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली तेव्हा मेम्फिसमध्ये त्यांच्यासोबत असलेला हा कार्यकर्ता. त्याचे डोळे पाहून इकडे आपलेही डोळे पाणावले. ज्या व्हाइट हाउसच्या उभारणीत गुलामांचा घाम गाळला गेला, त्याच घरात एक काळा माणूस मालक म्हणून राहायला जाणार होता.

हा आनंद परका नव्हता. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील भल्या लोकांना अर्पण केला होता. बाबासाहेबांनी जुलै १९४६ मध्ये काळ्यांचे थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहिले होते. १९७२ साली मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरने आपले नावच ‘ब्लॅक पँथर’वरून घेतले. म्हणून ओबामांच्या विजयात आपल्याला आपला विजय दिसला, यात नवल नाही.

पण आनंद वेगळा आणि हिशेब वेगळा. चळवळीचा माणूस चेहरा पाहून टाळ्या वाजवत नाही, तो काम पाहतो. ओबामांची आठ वर्षांची कारकीर्द जानेवारी २०१७ मध्ये संपली. पण तिची दिशा ठरली ती पहिल्या दीड-दोन वर्षांतच. त्या काळाचा हिशेब आपण मांडला पाहिजे. तो अमेरिकेसाठी नव्हे, आपल्यासाठी मांडायचा आहे.

आधी जमेची बाजू. २० जानेवारी २००९ रोजी शपथ घेतल्यावर दोनच दिवसांत ओबामांनी कैद्यांच्या छळावर बंदी घालणारा आदेश काढला. समान कामाला समान वेतन मागणाऱ्या स्त्रियांना न्यायालयाचे दार उघडणारा लिली लेडबेटर कायदा २९ जानेवारीला झाला. फेब्रुवारीत गरीब मुलांच्या आरोग्य विम्याची योजना वाढवली. मंदीने बुडू लागलेली अर्थव्यवस्था सावरण्यासाठी ७८७ अब्ज डॉलरचा कायदा केला. मार्च २०१० मध्ये आरोग्य विम्याचा मोठा कायदा आला. विरोधकांच्या द्वेषाला तोंड देत हे काम झाले. ते नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

आता वचनांकडे येऊ.

ग्वांटानामोचा तुरुंग एका वर्षात बंद करण्याचा आदेश २२ जानेवारी २००९ रोजी निघाला. तेव्हा तेथे सुमारे २४० कैदी होते. त्यांतल्या बहुतेकांवर खटला नव्हता, आरोपपत्रही नव्हते. वर्ष उलटले, तुरुंग उघडाच राहिला. ओबामा पायउतार झाले तेव्हाही तेथे ४१ कैदी होते. शांततेचे वचन घ्या. ऑक्टोबर २००९ मध्ये नोबेल शांतता पुरस्कार जाहीर झाला. १ डिसेंबरला अफगाणिस्तानात आणखी ३० हजार सैनिक पाठवण्याची घोषणा झाली आणि १० डिसेंबरला ओस्लोत त्यांनी तो पुरस्कार स्वीकारला. अफगाण युद्ध वाढवणार हे त्यांनी प्रचारातच सांगितले होते, ते लपवले नव्हते, हे खरे. पण वर्षभराने तेथील अमेरिकी फौज एक लाखाच्या घरात गेली. ओबामांच्या कारकिर्दीतले पाकिस्तानच्या सीमाभागातील पहिले ड्रोन हल्ले तर शपथविधीनंतर तिसऱ्याच दिवशी झाले होते. स्थलांतरितांना न्याय देणारे विधेयक पहिल्या वर्षात आणण्याचे वचन होते. विधेयक आले नाही. उलट २००९ च्या सरकारी वर्षात सुमारे ३ लाख ९० हजार लोकांना देशाबाहेर काढण्यात आले.

ही झाली बाहेरून दिसणारी वचने. ज्या समाजाने त्यांना शंभरातली ९५ मते दिली, त्या काळ्या समाजाच्या पदरात काय पडले?

२००८ ची मंदी घरकर्जाच्या घोटाळ्यातून आली. त्या घोटाळ्याला रंग होता. चांगल्या कर्जाला पात्र असलेल्या काळ्या आणि लॅटिनो कुटुंबांनाही जास्त व्याजाची, फसव्या अटींची कर्जे गळ्यात मारली गेली. कंट्रीवाइड या कंपनीने अशा दोन लाखांहून अधिक कर्जदारांकडून जादा पैसे उकळल्याच्या प्रकरणात डिसेंबर २०११ मध्ये ३३५ दशलक्ष डॉलर भरून तडजोड केली. म्हणजे पुढे सरकारनेच हा भेदभाव न्यायालयात मांडला. पण तोपर्यंत घरे गेली होती.

ती घरे वाचवण्यासाठी ओबामांनी फेब्रुवारी २००९ मध्ये योजना जाहीर केली. ३० ते ४० लाख कुटुंबांची कर्जे सुसह्य करू, असे सांगितले. वर्षअखेरीस कायमची सवलत मिळालेल्या कुटुंबांची संख्या होती सुमारे ६६ हजार. असे का झाले? कारण योजना राबवण्याचे काम त्याच बँकांच्या वसुली यंत्रणेकडे दिले होते. सावकारालाच कर्जमाफीचा अधिकारी नेमला तर काय होणार, हे मराठवाड्या-विदर्भातल्या शेतकऱ्याला कुणी समजावून सांगायला नको. बँकांना दिलेल्या सरकारी पैशावर देखरेख ठेवणारे अधिकारी नील बारोफ्स्की यांनी २०१२ साली पुस्तक लिहून सांगितले की, अर्थमंत्री टिमथी गाइटनर यांच्या दृष्टीने ही योजना म्हणजे संकटातले विमान उतरावे म्हणून धावपट्टीवर पसरलेला फेस होता. विमान बँकांचे. फेस कर्जदारांचा.

परिणाम आकड्यांत पाहा. २००९ च्या सुरुवातीला स्वतःच्या घरात राहणाऱ्या काळ्या कुटुंबांचे प्रमाण ४६ टक्के होते. २०१६ मध्ये ते ४२ टक्क्यांच्याही खाली आले. गोऱ्यांचे प्रमाण तेव्हा ७० टक्क्यांच्या वर होते. काळ्यांची बेकारी जानेवारी २००९ मध्ये साडेबारा टक्क्यांच्या आसपास होती, मार्च २०१० मध्ये ती साडेसोळा टक्क्यांच्या वर गेली. गोऱ्यांची तेव्हा नऊ टक्क्यांच्या घरात होती. पुढे ती उतरली, ओबामा गेले तेव्हा काळ्यांची बेकारी आठ टक्क्यांच्या आत होती. पण गेलेले घर परत येत नाही. कामगाराच्या पिढ्यांची एकुलती एक पुंजी म्हणजे घर.

यावर ओबामा काय म्हणाले? अर्थव्यवस्था बळकट झाली की सर्वांचेच भले होईल, हे उत्तर त्यांनी एप्रिल २००९ मध्ये पत्रकारांना दिले. केवळ काळ्यांसाठी कायदा करता येत नाही, आपण साऱ्या देशाचे अध्यक्ष आहोत, असे त्यांनी त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सांगितले. वाचकहो, हा युक्तिवाद ओळखीचा वाटतो ना? गावात पाणी आले की सर्वांनाच मिळेल, वेगळा हौद कशाला? हे आपण पिढ्यानपिढ्या ऐकत आलो आहोत. पाणी आले. हौदाला हात कुणाचा लागला, हे १९२७ साली महाडने जगाला दाखवले.

ओबामांचे समर्थक म्हणतात, एकटा माणूस काय करणार? संसद अडवत होती. हा आक्षेप गंभीर आहे, त्याला उत्तर दिलेच पाहिजे. काही ठिकाणी तो खरा आहे. ग्वांटानामो बंद करण्यासाठीचा पैसा सिनेटने मे २००९ मध्ये ९० विरुद्ध ६ मतांनी रोखला. त्या ९० मध्ये ओबामांच्याच पक्षाचे बहुसंख्य सदस्य होते. दिवाळखोरीत निघालेल्या कुटुंबाचे घरकर्ज कमी करण्याचा अधिकार न्यायाधीशांना देणारी तरतूद ३० एप्रिल २००९ रोजी सिनेटने पाडली. आरोग्य कायद्यातली सरकारी विम्याची तरतूदही सिनेटमध्येच गळाली.

पण जेथे संसदेची आडकाठी नव्हती तेथे काय झाले, हा खरा प्रश्न आहे. अर्थमंत्री म्हणून गाइटनर यांची निवड ओबामांनी केली. वॉल स्ट्रीटवरचे निर्बंध १९९९ साली सैल करणाऱ्या मंडळींपैकी लॅरी समर्स यांना मुख्य आर्थिक सल्लागार त्यांनीच नेमले. लॉबी करणाऱ्यांना सरकारात जागा नाही, असा आदेश २१ जानेवारीला निघाला आणि लगेच शस्त्रास्त्र कंपनीच्या एका माजी लॉबीवाल्यासाठी संरक्षण खात्यात अपवाद करण्यात आला. ज्या लष्करी न्यायाधिकरणांवर प्रचारात टीका केली, तीच सुरू ठेवण्याचा निर्णय मे २००९ मध्ये, सिनेटच्या त्या मतदानाच्या काही दिवस आधीच, त्यांनी जाहीर केला. यांपैकी एकाही गोष्टीला संसदेने भाग पाडले नव्हते.

आणि आपल्या जिव्हारी लागणारी गोष्ट तर जिनिव्हाची. २००१ साली दक्षिण आफ्रिकेतील डर्बन येथे संयुक्त राष्ट्रांची वंशभेदविरोधी परिषद झाली. भारतातून दलित संघटनांचे कार्यकर्ते मोठ्या संख्येने गेले. जन्मावरून होणाऱ्या भेदभावात जातीचा समावेश करा, ही त्यांची मागणी. भारत सरकारने तिला विरोध केला आणि अंतिम मसुद्यात जात आली नाही. त्याच परिषदेतून इस्रायलच्या प्रश्नावरून बुश यांच्या अमेरिकेने काढता पाय घेतला. डर्बनचा आढावा घेणारी परिषद २० एप्रिल २००९ पासून जिनिव्हात भरली. आता व्हाइट हाउसमध्ये काळा अध्यक्ष होता. पण १८ एप्रिलला अमेरिकेने बहिष्कार जाहीर केला. कारण तेच, डर्बनच्या जाहीरनाम्याला दुजोरा आणि इस्रायल. अमेरिकी संसदेतील काळ्या सदस्यांच्या गटानेही तीव्र नाराजी व्यक्त केली. मसुद्यावर मतभेद असू शकतात. पण मतभेद मांडायला सभेत जावे लागते.

येथे १९४६ चे ते पत्र पुन्हा आठवते. बाबासाहेबांनी डु बॉइस यांना लिहिले ते कशासाठी? अमेरिकेतील काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केल्याचे त्यांनी वाचले होते, त्या अर्जाच्या प्रती त्यांना हव्या होत्या. अस्पृश्यांचा प्रश्नही जगाच्या दरबारात न्यावा, हा विचार त्यांच्या मनात होता. डु बॉइस यांनी त्याच महिन्यात आपुलकीने उत्तर पाठवले. त्यानंतर ६३ वर्षांनी त्या दरबारात वर्णभेदाची चर्चा निघाली, तेव्हा अमेरिकेची खुर्ची रिकामी होती.

असे का होते? ओबामा वाईट माणूस होते म्हणून नव्हे. याचे उत्तर आपल्याला बाहेर शोधायला नको, ते पुणे करारात आहे. २४ सप्टेंबर १९३२ च्या करारानंतर बाबासाहेब वारंवार सांगत राहिले की, राखीव जागा मिळाल्या तरी निवडून येण्यासाठी दुसऱ्यांच्या मतांवर अवलंबून असलेला प्रतिनिधी दुसऱ्यांचाच होतो. १९४६ च्या निवडणुकीत प्राथमिक फेरीत अस्पृश्यांची मते मिळवणारे शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे उमेदवार अंतिम फेरीत सवर्ण मतांमुळे पडले. ओबामांच्या मतदारांच्या देशात काळे मतदार शंभरात तेरा. निवडणुकीचा सरकारी निधी घेऊ असे आधी सूचित करून जून २००८ मध्ये त्यांनी तो नाकारला आणि खाजगी देणग्यांचा मार्ग धरला. मते बहुसंख्याकांची आणि पैशाचा मोठा वाटा धनवंतांचा. मग काळ्या समाजाने दिलेली ९५ टक्के मते ‘आपलीच आहेत, जाणार कुठे’ या खात्यात जमा झाली.

नोव्हेंबर २०१० मध्ये ओबामा भारतात आले. मुंबईत ते मणिभवनला गेले. दादरच्या चैत्यभूमीकडे त्यांची पावले वळली नाहीत. ८ नोव्हेंबरला संसदेतील भाषणात मात्र त्यांनी बाबासाहेबांचे नाव घेतले. एक दलित स्वतःच्या कर्तृत्वावर वर येऊन राज्यघटना लिहितो, असा गौरव केला. आपली छाती फुगली. पण बाबासाहेब म्हणजे एकट्याने वर चढलेला गुणी मुलगा नव्हे. हिंदू कोड बिल अडवले गेले तेव्हा १९५१ साली त्यांनी मंत्रिपदावर लाथ मारली आणि राजीनाम्याच्या निवेदनात देशाला सांगितले की, अडवले कुणी, फसवले कुणी आणि अनुसूचित जातींकडे दुर्लक्ष कसे झाले. खुर्चीवर बसलेल्या आपल्या माणसाला मोजायचे माप हेच. वचन पाळता आले नाही तर ते का, हे त्याने समाजाला सांगितले पाहिजे. अडवणाऱ्याशी हसतमुखाने हातमिळवणी करता कामा नये.

अमेरिकेतील काळ्या खासदारांपैकी काहींनी हा धडा गिरवला. २ डिसेंबर २००९ रोजी आर्थिक सुधारणांच्या विधेयकावर समितीत मतदान होते. समितीतील दहा काळ्या सदस्यांनी मतदानाला जाण्याचेच नाकारले. विधेयक ओबामांच्या पक्षाचे, सरकार ओबामांचे. तरी ते अडून बसले, कारण त्यांच्या वस्त्यांतल्या बेकारीकडे कुणी पाहत नव्हते. आपल्या माणसाची अडचण होईल म्हणून ते गप्प राहिले नाहीत. आपल्याकडच्या राखीव मतदारसंघांतून निवडून गेलेले किती प्रतिनिधी स्वपक्षाच्या बैठकीतून असे उठून गेले, याची यादी करायला बसलो तर कागद कोराच राहील.

आपला माणूस मोठ्या पदावर गेला की आपण त्याचा सत्कार करतो, शाल देतो, फोटो काढतो. करावा सत्कार. पण शालीच्या घडीत एक कागदही ठेवावा. तू काय बोलला होतास आणि काय केलेस, याचा. वर्षभराने तोच कागद घेऊन त्याच्या दारात जावे. तो रागावला तर रागावू द्यावा. ओबामांना जेसी जॅक्सनच्या अश्रूंनी निवडून दिले. त्या अश्रूंचा हिशेब मागण्याची वेळ आली, तेव्हा मागणारे फार थोडे उरले होते. ही चूक आपल्या चळवळीने करू नये.

जयभीम!