खेळाचंबी व्यसन असतंय का?



या पानावर मी नेहमी बेणे, खत, हुमणी याविषयी लिहितो. यावेळचा विषय निराळा आहे. आडसाली लागणीच्या नोंदी घेत असता एका वस्तीवर एका सभासदांनी मला बाजूला घेतले. म्हणाले, "साहेब, पोरगं रात्री दारं धरायला जातं आन् मोबाईलवर खेळत बसतं. पाणी शेजाऱ्याच्या रानात. दारूचं व्यसन ठावं हाय, खेळाचंबी असतंय का?" मी हसून वेळ मारून नेली. पण रात्री एक वाजता माझ्याच बारावीतल्या चिरंजीवाच्या खोलीत उजेड दिसला, तेव्हा हसू राहिले नाही.

त्यांच्या प्रश्नाचे उत्तर: होय, असते, पण खेळणाऱ्या प्रत्येकाला नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली मंजूर केलेल्या आजारांच्या यादीत हा विकार घातला आणि ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. खुणा तीन. खेळावर ताबा न राहणे, जेवण-झोप-अभ्यासापेक्षा खेळ मोठा होणे आणि नुकसान दिसत असूनही तो चालू राहणे. हे साधारण वर्षभर चाललेले असावे लागते. दिवाळीच्या सुट्टीत चार दिवस पोरगं खेळलं म्हणून लगेच आजारी ठरवू नये. मूळचे दुखणे उदासपणाचे आणि खेळ हा नुसता आडोसा, असेही पुष्कळदा असते.

चटक लागते कशी? स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग केले. दाणा केव्हा मिळेल याचा नेम नसला की कबुतर चोच मारायचे थांबत नाही. मोबाईलच्या खेळातले बक्षीसही तसेच बेभरवशाचे ठेवलेले असते. शिवाय आमचा विटीदांडू अंधार पडला की संपायचा, हा संपतच नाही. त्यात चौघे मित्र एका संघात. मध्येच उठले तर बाकीचे हरतात. जेवायला हाक मारली की पोरगं खेकसतं, त्यात उर्मटपणाच असतो असे नाही.

पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ हे मात्र सरळ घर बुडवणारे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने त्यांच्या बंदीचा कायदा केला. तरीही उसाचे बिल बापाच्या खात्यात आणि यूपीआयचा आकडा पोराला पाठ, ही गोष्ट आजच तपासा.

मी आधी मोबाईल हिसकावून घेतला. दोन दिवस तो जेवला नाही आणि तिसऱ्या दिवशी मित्राचा मोबाईल घेऊन बसला. आता दहा वाजता घरातले सगळे मोबाईल, माझासुद्धा, स्वयंपाकघरात चार्जिंगला लागतात. गेल्या आठवड्यात एकदा नियम मोडला. मोडणारा मीच होतो. असो.

घरचे उपाय थकले तर 'टेली मानस' या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीतूनही बोलता येते. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेत तर २०१४ सालापासून याच त्रासासाठी वेगळा दवाखाना चालतो.

ते सभासद परवा गट ऑफिसात भेटले. पोराला दिवसपाळीचे पाणी दिले आहे, रात्रीला ते स्वतः जातात.

– ऊस विकास अधिकारी