साडेतेरा टनांची मुभा, निम्म्यात विमान

१३,६०० किलो. हल्ल्यासाठीच्या नव्या विमानाचे वजन याच्या आत बसवा, असे १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकी नौदलाचे म्हणणे होते. डग्लस कंपनीचे मुख्य अभियंते एड हाइनमन यांनी आराखडा दिला तो निम्म्याहूनही कमी वजनाचा. २२ जून १९५४ रोजी ते विमान उडाले : ए-४ स्कायहॉक.

वजन कापले कुठे? विमानवाहू नौकेवर जागेची टंचाई, म्हणून तिथल्या बहुतेक विमानांचे पंख दुमडावे लागतात. त्यासाठी बिजागऱ्या, कुलुपे, हायड्रॉलिक नळ्या आल्या. हाइनमन यांनी पंखांचा पसारा ८.३८ मीटरवरच ठेवला आणि दुमडण्याची गरजच संपवली. एक बोजा गेला की लहान इंजिन पुरते, लहान इंजिनाला इंधन कमी लागते, आणि वजन आणखी उतरते. वैमानिकांनी या विमानाचे नाव ठेवले 'स्कूटर'. तरी नंतरच्या आवृत्त्या सुमारे साडेचार टन शस्त्रे नेत, म्हणजे रिकाम्या विमानाच्या वजनाइतकाच भार.

फेब्रुवारी १९७९ मध्ये उत्पादन थांबले तेव्हा एकूण २,९६० विमाने तयार झाली होती. पंचवीस वर्षे, महिन्याला सरासरी दहा. त्यांतली ५५५ दोन आसनांची, प्रशिक्षणासाठीची.

लहान आकाराचा खरा फायदा लहान नौकांना झाला. ऑस्ट्रेलियाची 'मेलबर्न', अर्जेंटिनाची 'व्हेंतिसिंको दे मायो' आणि ब्राझीलची 'मिनास जेराइस' या तिन्ही दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश आराखड्यावरच्या हलक्या विमानवाहू नौका. तिघींवरून स्कायहॉक उडाली. पुढे मुंबईत संग्रहालय झालेली आपली 'विक्रांत' ही 'मेलबर्न'च्याच वर्गातली.

आता ताळेबंदाचा दुसरा रकाना, नुकसानीचा. व्हिएतनाम युद्धात सर्व कारणांनी मिळून ३६२ स्कायहॉक गेली. आजवर बांधलेल्या एकूण संख्येशी ताडले तर हे प्रमाण १२ टक्के, आठातले एक. त्या युद्धात अमेरिकी नौदलाने दुसऱ्या कोणत्याही प्रकारची एवढी विमाने गमावली नाहीत. जे विमान स्वस्त आणि मुबलक, तेच रोज तोफांच्या माऱ्यात पाठवले जाते. १९८२ च्या फॉकलंड युद्धात अर्जेंटिनाच्या स्कायहॉकनी 'कोव्हेंट्री' आणि 'अँटेलोप' या ब्रिटिश युद्धनौकांचा घास घेतला, पण २२ विमाने परतली नाहीत.

अमेरिकी नौदलाने शेवटची स्कायहॉक २००३ मध्ये निवृत्त केली, सेवेत आल्यानंतर ४७ वर्षांनी. हाइनमन यांनी वाचवलेल्या किलोंनी हे आयुष्य दिले, हे खरेच. मात्र हलक्या विमानाचा ताळेबंद मांडताना टिकलेल्या वर्षांशेजारी ते ३६२ आणि २२ लिहिल्याशिवाय बेरीज पुरी होत नाही.