अकरा अणूंचा दणका

प्लॅटिनमचा एक, क्लोरीनचे दोन, नायट्रोजनचे दोन आणि हायड्रोजनचे सहा. मोजून अकरा अणू! सिसप्लॅटिन हे केमोचं औषध एवढंच. कार्बन औषधालाही नाही, तरी वृषणाच्या पसरलेल्या कॅन्सरचे बहुतेक रुग्ण आज बरे होतात ते मुख्यतः याच्या जोरावर.

१८४५ पासून ठाऊक असलेलं हे रसायन सुमारे १२० वर्षं पडून होतं. मग अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठात बार्नेट रोझेनबर्ग यांनी जिवाणूंच्या द्रावणातून वीज सोडली. जिवाणू दुभंगेनात, नुसतेच वाढत नेहमीच्या ३०० पट लांब झाले! ही करामत विजेची नव्हती, इलेक्ट्रोडमधून विरघळलेल्या प्लॅटिनमपासून बनलेल्या अशाच संयुगांची होती. हे १९६५ साली छापून आलं, जिवाणूंचं दुभंगणं रोखणारं रसायन कॅन्सरच्या पेशींनाही रोखेल हा विचार पुढे आला आणि १९७८ मध्ये अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली.

रक्तात क्लोराइड भरपूर, त्यामुळे तिथे औषध बऱ्यापैकी शांत राहतं. पेशीच्या आत क्लोराइड कमी. तिथे क्लोरीन सुटतो, त्याच्या जागी पाणी येतं आणि प्लॅटिनम डीएनएला धरायला मोकळं होतं.

पण धरतं कुठे? बहुतेकदा ग्वानीन या बेसच्या सातव्या स्थानावरच्या नायट्रोजनला. अ‍ॅडेनीनकडेही त्याच जागी तसाच नायट्रोजन आहे, मग ही आवडनिवड कशाला? म्यू-ह्यून बाईक, रिचर्ड फ्रिसनर आणि स्टीफन लिपर्ड यांनी २००३ मध्ये संगणकावर हिशेब मांडला. ग्वानीनमध्ये त्या नायट्रोजनशेजारी ऑक्सिजन असतो. औषधातल्या अमोनियाचा हायड्रोजन त्याच्याकडे ओढला जातो आणि प्लॅटिनमची वाट सोपी होते. अ‍ॅडेनीनमध्ये त्या जागी अमिनो गट, म्हणजे तिथे हायड्रोजनच हायड्रोजनसमोर! शिवाय ग्वानीनशी प्लॅटिनमचा बंधही जास्त घट्ट. मला या सगळ्या गोष्टीत हाच भाग सर्वांत देखणा वाटतो.

हिशेब मात्र किचकट. प्लॅटिनमचे इलेक्ट्रॉन ७८, त्यातले सगळ्यांत आतले प्रकाशाच्या निम्म्याहून जास्त वेगाने पळणारे, म्हणजे आइनस्टाइनची सापेक्षताही धरायची. एका प्रचलित पद्धतीत आतले ६० इलेक्ट्रॉन एकगठ्ठा धरतात आणि बाहेरच्या १८ चंच गणित सोडवतात.

लगतचे दोन ग्वानीन एकत्र बांधले गेले की डीएनए तिथे वाकतो, पेशीला पुढची नक्कल करणं जड जातं. तेच अकरा अणू, पण दोन क्लोरीन समोरासमोर बसवले तर? ते ट्रान्सप्लॅटिन. कॅन्सरवर त्याचा उपयोग नाही.

आणि हो, सिसप्लॅटिनला अ‍ॅल्युमिनियमची सुई चालत नाही. काळा साका बसतो आणि औषधाचा जोर जातो.