थर्मो-कॅल्कमधला ग्राफ: रंगाआधी अक्ष बघा

कोणत्या तापमानाला धातूत कोणता फेज तयार होतो, याचं गणित थर्मो-कॅल्क हे सॉफ्टवेअर करतं. त्यात ग्राफ काढताना मी रंग आणि फॉन्ट सगळ्यात शेवटी बदलतो. आधी 'प्लॉट रेंडरर'मध्ये प्रत्येक अक्षाचं व्हेरिएबल आणि एकक निवडतो.

का? स्टीलमध्ये वजनाने ०.८ टक्के कार्बन म्हणजे अणूंच्या संख्येने तब्बल ३.६ टक्के, कारण कार्बनचा अणू हलका. स्टील तेच, आकडा वेगळा! तसंच ७२७ अंश सेल्सिअस म्हणजे सुमारे १००० केल्विन.

एखादा फेज अगदी थोडा असेल, तर त्याची रेषा तळाला चिकटते, दिसतच नाही. मग स्केल 'लॉगरिदमिक' करा.

एकक नसलेला ग्राफ बघून कुणी भट्टी लावली, तर अख्खा माल वाया जाईल. शेअर करण्याआधी दोन्ही अक्ष तपासाच!